ठासणीची बंदूक आणि पेनसिल्व्हेनियाची ओली हवा

पेनसिल्व्हेनियात नाताळ उलटला की हरणांच्या शिकारीचा एक वेगळाच हंगाम सुरू होतो आणि त्यात फक्त चकमकीवर उडणारी ठासणीची बंदूक चालते. दुर्बिणीच्या रायफली ज्या देशात सर्रास मिळतात, तिथल्या एका राज्याने 1974 पासून माणसांना अठराव्या शतकातले हत्यार देऊन बर्फात उभे करावे आणि माणसांनीही हौसेने उभे राहावे, हे मला अजून पुरते पचलेले नाही. सहकाऱ्याबरोबर मी जातो तो केवळ सोबत म्हणून. 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या छायेत वाढलेल्या माणसाचा हात बंदुकीकडे वळत नाही. शिवाय मादी हरणांचे परवाने इथे दरवर्षी विभागवार संख्या ठरवूनच दिले जातात, त्यामुळे नाक मुरडणाऱ्यांनी थोडे थांबावे.

मला खरे गुंतवले ते बंदूक कोरडी ठेवण्याच्या खटाटोपाने. चाप ओढला की घोड्याच्या जबड्यातली चकमक पोलादी पात्यावर घासते, ठिणग्या प्याल्यातल्या रंजकावर, म्हणजे पेटवणीच्या चिमूटभर दारूवर, पडतात आणि ती आग नळीच्या कानातून, म्हणजे बाजूच्या बारीक भोकातून, आतल्या दारूपर्यंत पोहोचते. यांतले काहीही ओलावले की नुसता ‘खट्’ आवाज होतो आणि हरीण पसार होते. म्हणून नळीच्या तोंडावर चिकटपट्टी लावलेली असते. बार उडताना गोळीपुढे दाबली गेलेली हवाच ती फाडते, त्यामुळे ती काढत बसावे लागत नाही. प्याल्याच्या कडांना मेण लावलेले असते आणि चकमक, पाते, प्याला या सगळ्यावर चरबी मुरवलेल्या चामड्याचे झापड बांधलेले असते. इतके करूनही हवेतला दमटपणा आत शिरतोच. तेव्हा माझा सहकारी मधूनमधून पाते उचलतो, ढेकूळ धरू लागलेले रंजक झटकून टाकतो, प्याला, पाते आणि चकमकीची धार कोरड्या फडक्याने पुसतो आणि पितळी कुपीतून चिमूटभर नवे रंजक घालतो. हे सारे तो हातमोजे काढून, बोटे बधिर होईपर्यंत करतो आणि त्याबद्दल अवाक्षरही काढत नाही.

रात्री बंदूक केबिनमध्ये आणायची नाही, हा त्याचा दंडक मला सुरुवातीला निव्वळ हट्ट वाटला. परंतु गारठलेले लोखंड उबदार खोलीत आले की त्याला घाम सुटतो आणि तो नळीच्या आत, गोळीमागच्या दारूपर्यंतही पोहोचू शकतो. म्हणून तो प्याल्यातले रंजक काढून टाकतो, कारण रंजक नसलेली बंदूक इथल्या नियमांनुसार भरलेली मानत नाहीत, आणि ती बाहेर थंडीतच कुलपात ठेवतो.

दारू कोरडी ठेवण्याचे महत्त्व तो मला नवलाईने समजावू लागला, तेव्हा मात्र राहवले नाही. 23 जून 1757 रोजी प्लासीला पाऊस आला, इंग्रजांनी आपली दारू ताडपत्रीखाली झाकली आणि नवाबाची भिजली, हे त्याला सांगितले. मीर जाफरचा विषय मी काढला नाही. दारूत सुमारे 75 टक्के सोराच असतो आणि त्या काळी युरोपात तो मोठ्या प्रमाणावर बिहारमधून जात असे, हेही ऐकवले. त्याने ते मन लावून ऐकले आणि पुन्हा नळी पुसायला घेतली.

त्या पुसण्यातही एक विचित्र कोडे आहे. बार उडाल्यावर नळीत उरणारी काजळी हवेतले पाणी शोषते आणि लोखंड खाते. ती निघते मात्र पाण्यानेच. धुतल्यावर नळी कोरडी करून तेल लावायचे आणि पुढच्या वेळी दारू ठासण्याआधी तेच तेल शेवटच्या थेंबापर्यंत पुसून काढायचे, कारण तेलाने भिजलेली दारूही पेटत नाही. मागची बाजू पूर्ण बंद असलेल्या आधुनिक ठासणीच्या बंदुका या कटकटींतल्या बऱ्याचशा टाळतात, पण त्या या हंगामात चालत नाहीत आणि तो त्यांना बंदूक म्हणायलाही तयार नाही. मुसळधार पाऊस असेल त्या दिवशी मात्र तो केबिनबाहेर पाऊल टाकत नाही, आणि त्याच्या सगळ्या उपायांपैकी हा एक मला लगेच पटला होता.