शटलपायी पोरांचा खेळ सुटू नये

बॅडमिंटन खेळणारं पोर खेळ सोडतं तेव्हा घरचे 'परवडत नाही' असं सांगत नाहीत. 'दहावीचं वर्ष आहे' म्हणतात. त्याआधीच रोजचा सराव एक दिवसाआड झालेला असतो, आणि शटलचे पैसे द्यायच्या दिवशी पोर नेमकं गैरहजर असतं. बॅडमिंटनपटू मालविका बनसोडच्या नागपुरात हे व्हावं, याचं वाईट वाटतं.

फी महिन्यातून एकदा भरावी लागते, शटल मात्र रोज संपतं. एका शटलला १६ पिसं लागतात, सगळी एकाच बाजूच्या पंखाची. चीनमध्ये बदकपालन घटलं, पिसांची टंचाई झाली आणि शटलचे भाव भडकले. सप्टेंबर २०२५ मध्ये क्रीडासाहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, पण या दरवाढीपुढे तो दिलासा तोकडाच.

त्यात आपला उन्हाळा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पिसं ठिसूळ होतात आणि कोरं शटल दोन-चार स्मॅशमध्ये मोडतं. आदल्या रात्री बॉक्सचं पिसांकडचं झाकण काढा, उकळत्या पाण्याच्या वाफेवर पाच-सहा सेकंद धरा, झाकण लावून ठेवून द्या. बुचाला वाफ लागू देऊ नका, डिंक सुटतो. वाफ जास्त झाली तर पिसं फाकतात आणि शटल अडखळत उडतं. गरम हवा विरळ असते, त्यामुळे शटल लांब जातं. शटलच्या बॉक्सवर वेगाचा नंबर असतो, नंबर कमी तसा वेग कमी. म्हणून हिवाळ्यात ७७ नंबर घेत असाल तर उन्हाळ्यात ७६ किंवा ७५ घ्या. नाहीतर वेग कमी करायला पिसांची टोकं दुमडावी लागतात आणि शटलचं आयुष्य तिथंच घटतं.

नव्या मुलांना पहिले सहा-आठ महिने नायलॉनचं शटल पुरतं. उन्हाळ्यात हिरव्या पट्टीचं, म्हणजे कमी वेगाचं; एरवी निळ्या, म्हणजे मध्यम वेगाचं. नेटजवळचा नाजूक खेळ मात्र पिसाच्या शटलवरच बसतो, तिथं काटकसर नको. थोडी झिजलेली शटल ड्रिलला, अगदी मोडकी सर्व्हिसच्या सरावाला ठेवा.

गटिंग करताना, म्हणजे रॅकेटला तार ओढून घेताना, बारा वर्षांच्या मुलासाठी २४-२५ पौंड ताणाचा हट्ट नको. २० पौंड पुरे. ताण वाढला की तार लवकर तुटते. बूट हॉलच्या दारात घाला. रस्त्यावरच्या धुळीने गमसोलची, म्हणजे बुटाच्या रबरी तळव्याची, पकड जाते.

प्रशिक्षकांना एक कळकळीची विनंती. शटलचे पैसे कोर्टवर, चारचौघांत मुलांकडे मागू नका. पालकांना फोन करा, किंवा ती रक्कम फीमध्येच धरा. ज्याच्या खिशात पैसे नसतात, ते पोर दुसऱ्या दिवशी येत नाही.