स्क्रीन आहे, पण आत शिरायला दार नाही

माझ्याकडे एक जुना ऑल-इन-वन आहे, म्हणजे स्क्रीनच्या पाठीतच अख्खा कॉम्प्युटर बसवलेलं मशीन. २३ इंची स्क्रीन, १९२० × १०८० रिझोल्यूशन, रंग अजूनही छान. म्हातारा झालाय तो आतला कॉम्प्युटर. चालू केला की हार्ड डिस्क बराच वेळ कुरकुरत बसते, आणि विंडोज ११ साठी त्याचा प्रोसेसर पात्रच नाही. रोजचं काम मी १४ इंची लॅपटॉपवर करते. डावीकडे पीडीएफ, उजवीकडे एक्सेल, दोन्ही अर्धे अर्धे दिसतात, आणि संध्याकाळपर्यंत डोळे बारीक करून करून कपाळ दुखतं. शेजारी एवढी मोठी स्क्रीन धूळ खात पडलेली. मागे एचडीएमआयचं पोर्टही आहे. मग अडचण कसली?

केबल आणली. एक टोक लॅपटॉपला, दुसरं ऑल-इन-वनला. काहीच नाही. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन ‘डिटेक्ट’ दाबलं. ‘दुसरा डिस्प्ले सापडला नाही.’ केबलची टोकं उलटी लावून पाहिली (हो, लावली, वैतागलेला माणूस काहीही करतो). ड्रायव्हर अपडेट केले, दोन्ही कॉम्प्युटर रीस्टार्ट केले. मग केबलच खराब निघाली असं ठरवून दुसरी आणली. या सगळ्यात अख्खी एक सुट्टी गेली.

शेवटी धाकट्या भावाला फोन केला. पोर्टचा फोटो पाठवायला सांगितलं त्याने, आणि पाहून हसत सुटला.

“ताई, दोन्हीकडे नळच आहेत गं. नळाला नळ जोडलास तर पाणी कुठे पडणार?”

लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट चित्र बाहेर पाठवतो, हे मला माहीत होतं. ऑल-इन-वनचाही तेच करतो, हे डोक्यातच आलं नव्हतं. त्याला आणखी एक स्क्रीन जोडायची असेल तर ते पोर्ट, त्याच्यात चित्र घालण्यासाठी नव्हे. दिसायला तो मॉनिटर, पण मॉनिटरमध्ये बाहेरून आलेला सिग्नल घेऊन पॅनेलला समजेल असा करून देणारं एक छोटं बोर्ड असतं. ऑल-इन-वनमध्ये ते बहुधा नसतंच. पॅनेल आतल्या आत एका पातळ केबलने थेट मदरबोर्डला जोडलेलं असतं. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

काही मॉडेलांना खरोखर एचडीएमआय इन असतं. तिथे पोर्टवर तसं लिहिलेलं असतं आणि सोर्स बदलायला कुठेतरी बटण असतं. माझ्या मशीनवर नुसतंच ‘एचडीएमआय’ छापलंय. मॅन्युअलमध्ये मात्र पोर्टच्या यादीत ‘आउट’ हा शब्द होता. दोन केबली घेण्याआधी तेवढं पान उघडायला हवं होतं.

भावाने जाता जाता आणखी मीठ चोळलं. “जुना आयमॅक असता तर जमलं असतं.” आयमॅक म्हणजे अॅपलचा ऑल-इन-वन. तेही वाचून काढलं. २००९ च्या शेवटी आलेल्या २७ इंची आयमॅकपासून अॅपलने टार्गेट डिस्प्ले मोड नावाची सोय दिली होती. दुसरा मॅक केबलने जोडायचा, कमांड आणि एफ२ दाबायचं, की आयमॅक मॉनिटर झाला. त्यातही भानगडी होत्याच. आधीच्या मॉडेलांना मिनी डिस्प्लेपोर्टची केबल, २०११ ते २०१४ च्या मॉडेलांना थंडरबोल्टचीच. दोन्ही टोकं एकसारखी दिसतात, पण एक दुसरीच्या जागी चालत नाही. २०१४ च्या शेवटी ५के स्क्रीनचा आयमॅक आला आणि त्यात ही सोय राहिली नाही. ५१२० × २८८० चं चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचं म्हणजे सेकंदाला २१ अब्जांहून जास्त बिट. त्या वेळच्या डिस्प्लेपोर्ट १.२ मधून जेमतेम १७ अब्ज जातात. हे वाचून माझा काहीच फायदा झाला नाही, पण अडकलेली मी एकटी नाही एवढं समाधान मिळालं.

केबलने नाही तर हवेतून, असं म्हणून वायरलेसकडे वळले. विंडोज १० मध्ये ‘प्रोजेक्टिंग टू धिस पीसी’ नावाचं सेटिंग आहे. ऑल-इन-वनवर उघडलं, तर त्यातले सगळे पर्याय करडे. आधी ऑप्शनल फीचर्समध्ये जाऊन ‘वायरलेस डिस्प्ले’ वेगळं इन्स्टॉल करावं लागतं. ते केलं. मग संदेश आला की या मशीनवर मिराकास्ट, म्हणजे वायरशिवाय स्क्रीन पाठवायची पद्धत, चालत नाही. यावर दोन दिवस गेले, आणि कारण इतकं साधं होतं की सांगायला लाज वाटते: मशीन लॅनच्या वायरवर चालायचं म्हणून मी त्याचं वाय-फाय कधीचं बंद करून ठेवलं होतं. मिराकास्ट दोन मशीनमध्ये थेट वाय-फायचा दुवा जोडतं. इंटरनेट वायरने येत असलं तरी वाय-फाय चालू लागतंच.

वाय-फाय चालू केलं, लॅपटॉपवर विंडोज आणि के दाबलं, यादीत नाव दिसलं, क्लिक केलं, आणि माझं डेस्कटॉप समोरच्या मोठ्या स्क्रीनवर! विंडोज आणि पी दाबून ‘एक्स्टेंड’ निवडलं. पीडीएफ ओढत पलीकडे नेली. मी खुर्चीत मागे रेलून नुसती बघत बसले.

हा आनंद टिकला माऊस हलवेपर्यंत. हात थांबला तरी बाण पुढे सरकत राहायचा. टाईप केलेलं अक्षर उमटायला एवढा वेळ लागायचा की मी ते पुन्हा दाबायचे आणि शब्दात दोनदा यायचं. शिवाय एक्सेलमधली लाल अक्षरं फुसकट दिसायची, काळी ठीक. त्याचं कारण नंतर कळलं. स्क्रीन व्हिडिओसारखी दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून, पाठवली जाते, आणि त्यात उजेड-अंधाराचा तपशील पूर्ण ठेवून रंगाचा तपशील कमी करतात. सिनेमात ते कळतही नाही. लाल रंगातल्या उणे आकड्यांवर मात्र लगेच कळतं, आणि माझ्या कामात नेमके तेच आकडे वाचायचे असतात.

मग नेटवर्कवरून स्क्रीन पाठवणारं एक ॲप घेतलं आणि दोन्ही मशीन थेट लॅनच्या वायरने जोडली. आधी वायरलेसइतकंच रडगाणं. वेग पाहिला तर १०० एमबीपीएस. घरात सापडलेल्या वायरमध्ये आठऐवजी चारच तारा जोडलेल्या होत्या. नीट वायर लावल्यावर १ जीबीपीएस झाला आणि फरक खरंच पडला. वाचायला उत्तम, लिहायला सहन होईल इतपत. पण एवढ्याच स्क्रीनचं चित्र न दाबता पाठवायचं तर सेकंदाला सुमारे ३ अब्ज बिट लागतात. म्हणजे दाबणं आलं, पलीकडे ते उलगडणं आलं, आणि उलगडणारा कोण, तर तोच म्हातारा प्रोसेसर. अर्ध्या तासात त्याचा पंखा असा घोंघावायचा की फोनवर बोलणं मुश्कील.

एचडीएमआय कॅप्चर कार्डचा प्रयोग थोडक्यात सांगते. लॅपटॉपचं चित्र कार्डात, कार्ड यूएसबीने ऑल-इन-वनला, तिथे ते व्हिडिओ म्हणून फुलस्क्रीन बघायचं. चालतं. पण हा द्राविडी प्राणायाम. बाण पुन्हा मागे राहतो, आणि कॉपी-संरक्षण असलेलं काही लावलं की स्क्रीन काळी.

राहिला शेवटचा उपाय: मागचं झाकण काढून पॅनेल वेगळं करायचं, त्याच्या मॉडेल नंबरला जुळणारं कंट्रोलर बोर्ड मागवायचं आणि खराखुरा मॉनिटर बनवायचा. झाकण काढलं, स्टिकरवरचा नंबर टिपलाही. मग बॅकलाइटची वेगळी वायर आणि पॉवर सप्लायचा भाग पाहिला आणि झाकण परत लावलं. कॉम्प्युटर पूर्ण मेलेला असता तर कदाचित धाडस केलं असतं. जिवंत मशीन कापायला हात धजावेना.

तेव्हा भावानेच विचारलं, “तुला स्क्रीन हवीये की पीडीएफ बघायचीय?”

पीडीएफ तर तो म्हातारा स्वतःच उघडू शकतो. दोन्ही मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधलं ‘माऊस विदाउट बॉर्डर्स’ टाकलं. एका मशीनवर तयार झालेली ‘सिक्युरिटी की’, म्हणजे पासवर्डसारखा संकेत, दुसऱ्यावर भरली. आता लॅपटॉपचा माऊस उजव्या कडेतून निघतो तो ऑल-इन-वनवर उगवतो, कीबोर्डही त्याच्यामागे जातो. इथे कॉपी केलेलं तिथे पेस्ट होतं. चित्र पाठवायचंच नसल्यामुळे अडखळणं नाही, लाल अक्षरं ठणठणीत, पंखा गप्प. फायली एका शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवते, दोन्हीकडून उघडतात. सकाळी चहा ठेवायच्या आधी ऑल-इन-वन चालू करावा लागतो, एवढंच.

फक्त एक सवय जात नाही. दिवसातून दोन-तीनदा एखादी विंडो पकडून कडेकडे ओढत नेते. ती तिथेच अडून राहते, पलीकडे काही जात नाही.