मे महिन्यातलं शिबिर

मे महिना आला की आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांत शिबिराची गडबड सुरू व्हायची. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये नगरात काम सुरू केलं आणि पुढे जिल्ह्यात गावोगाव शाळा, वसतिगृहं उभी राहिली. अशाच एका जुन्या शाळेच्या आवारात आमचं शिबिर भरे. दगडी भिंती, वर कौलं, मधल्या मैदानात लिंबाची झाडं. सामान दरवर्षी तेच: सतरंजी, ताट-वाटी-तांब्या, बायबल, गीतांचं पुस्तक आणि एक शंभर पानी वही. वही विसरून आलेल्याला शिबिराच्या ताई आधी दुकानात पिटाळत आणि मगच नाव लिहून घेत.

पहाटे पाचला लिंबाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोला पडायचा. तोंड धुऊन ज्याने त्याने आपापलं झाड, नाहीतर ओट्याची पायरी गाठायची. नेमून दिलेला भाग वाचायचा, प्रार्थना करायची आणि दुसरा टोला पडेपर्यंत कोणाशी चकार शब्द बोलायचा नाही. या तासाला आम्ही 'शांत वेळ' म्हणायचो. पहिल्या दिवशी तो संपता संपत नसे. डोळ्यांवर झोप, पायांवर मुंग्या, स्वयंपाकाकडून येणारा चहाचा वास. मनातल्या मागण्या दहा मिनिटांत सांगून व्हायच्या आणि पुढे काय करायचं कळायचं नाही. तिसऱ्या दिवसापासून मात्र फरक पडायचा. सगळं सांगून झालं की माणूस गप्प बसतो, आणि खरी प्रार्थना तिथून पुढे सुरू होते, असं मला आजही वाटतं.

मार्कच्या शुभवर्तमानातल्या पहिल्या अध्यायातली येशूची पहाट आम्ही त्या झाडांखाली किती वेळा वाचली असेल! आदल्या संध्याकाळी कफर्णहूमातलं सगळं गाव दाराशी लोटलेलं, कितीतरी आजारी बरे झालेले, आणि तो मात्र अंधार असतानाच उठून एकटा रानात जातो. त्याचा शिष्य शिमोन शोधत येतो, म्हणतो, सगळे तुला शोधताहेत. एवढं नाव झालेलं गाव सोडून येशू म्हणतो, चला, दुसऱ्या गावांना जाऊ. कुठे जायचं हे लोकांच्या गर्दीने ठरवलं नाही, स्वर्गातल्या बापासोबतच्या त्या एकांताने ठरवलं. माझ्या अनेक निर्णयांच्या वेळी हा भाग माझ्या मदतीला आला आहे.

वहीचं कारण ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं असे. डाव्या पानावर आज काय वाचलं ते लिहायचं आणि उजव्या पानावर त्यामुळे आज काय करणार ते. डावं पान आम्ही झोकात भरायचो. रात्री दिवे मालवायच्या आधी ताई आमच्या गटात येऊन बसत, पण डाव्या पानाबद्दल एक शब्द विचारत नसत. "उजवीकडचं झालं का गं?" एवढंच. तिथे 'प्रेमाने वागणार' असं काही लिहिलेलं त्यांना चालायचं नाही. कोणाशी, कधी, काय करून, हे लिहावं लागे. 'शेजारच्या सतरंजीवरच्या नव्या मुलीला जेवताना सोबत घेईन' हे चालायचं.

एका वर्षी मत्तयच्या पाचव्या अध्यायाचं वाचन होतं. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. आमच्यात पारनेरकडचा एक तरुण होता. शेताच्या बांधावरून त्याचं आणि थोरल्या भावाचं बोलणं तुटलेलं. दुसरा टोला पडला तसा तो उठला, पाळकसाहेबांना सांगितलं आणि नाश्ता न करताच एसटी पकडून गावी गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आला तेव्हा आम्ही सगळे त्याच्याभोवती गोळा झालो. आम्हाला गळाभेटीची गोष्ट ऐकायची होती. तो म्हणाला, "दार उघडलं, पाणी दिलं. बांधाचं काही बोलला नाही. मिटलं नाही अजून. पण मी जाऊन आलो." आदल्या दिवशीची सभा बुडाली म्हणून त्याला चुटपुट लागली होती. पाळकसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बाळा, कालची सभा तुझ्या भावाच्या ओट्यावर झाली," म्हणाले.

शिबिरातल्या साक्षींत, म्हणजे विश्वासाच्या अनुभवकथनांत, मला सगळ्यांत खरी वाटलेली साक्ष हीच. फळ हातात येईल की नाही हे ठाऊक नसताना तो निघाला होता. पुढे त्या भावांचं मनोमीलन झालंही, पण त्याला दोनतीन पावसाळे जावे लागले.

रात्री कीर्तन असायचं. आमच्याकडे ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे, आणि पेटी, तबला, टाळ यांच्या साथीने ऐकलेलं वचन जसं मनात राहतं तसं व्याख्यानातलं राहत नाही, असं माझं पक्कं मत आहे. अब्राहामाचं आख्यान आम्ही दरवर्षी मागून घ्यायचो. उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायात मुलाचं, इसहाकाचं होमार्पण कर, अशी देवाची आज्ञा येते आणि अब्राहाम पहाटेस उठतो, गाढवावर खोगीर घालतो, लाकडं फोडतो. मोरिया देशातलं ठिकाण त्याला दुरून दिसतं ते तिसऱ्या दिवशी. कीर्तनकार काका त्या तीन दिवसांवरच अर्धा तास घ्यायचे. टाळ अगदी संथ करायचे, चालत्या पावलांच्या लयीत, आणि विचारायचे, "या वाटेवर बाप पोराशी काय बोलला असेल हो?" शास्त्र त्याबद्दल काहीच सांगत नाही. मग इसहाकाचा प्रश्न यायचा: विस्तव आहे, लाकडं आहेत, पण होमासाठी कोकरू कुठे आहे? तिथे टाळ थांबायचे. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायका पदराने डोळे पुसायच्या. विश्वास म्हणजे डोंगरावरचा तो एक क्षण, असं मी लहानपणी समजत होते. काकांच्या कीर्तनाने त्यात ती तीन दिवसांची पायपीटही आली.

स्वयंपाकाची आठवण काढल्याशिवाय शिबिर पुरं होत नाही. पत्र्याच्या शेडखाली तीन चुली, आणि मंडळीतल्या पाचसहा मावश्या बाजरीच्या भाकरी बडवायच्या. एकीने मळायचं, एकीने परातीत थापायचं, एकीने तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा. सकाळची सभा नेमकी याच वेळी असल्यामुळे मावश्यांच्या वाट्याला लांबून येणारा गाण्याचा आवाज तेवढा यायचा. एका वर्षी मार्था आणि मरीयेवर संदेश होता: येशू घरी आला तेव्हा मार्था कामात गुंतली आणि तिची बहीण मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकत राहिली. पाळकसाहेबांनी बायबल मिटलं आणि म्हणाले, "उठा सगळे, सतरंज्या घ्या." अख्खी सभा शेडखाली नेली. मार्थेला प्रभूने सेवेबद्दल बोल लावला नाही, पुष्कळ गोष्टींची काळजी करून जीव दगदगवते याबद्दल टोकलं, असं त्यांनी तिथे चुलीच्या धुरात समजावलं. थापणाऱ्या मावशी हात न थांबवता म्हणाल्या, "साहेब, मार्था उठून गेली असती तर भाकरी करपली नसती का?" पाळकसाहेबही मनापासून हसले. मग त्यांनी चार मुलांना हात धुऊन भाकरी शेकायला बसवलं आणि मावश्यांना पुढे बोलावलं.

दुष्काळाच्या एका वर्षी टँकर आलाच नाही. संध्याकाळी हौद कोरडा. पाळकसाहेबांनी सगळ्यांना उभं करून छोटीशी प्रार्थना केली आणि आमेन म्हटल्याबरोबर म्हणाले, "आता बादल्या उचला." शेजारच्या मळ्यातले बाबा गळ्यात तुळशीची माळ घालणारे, आषाढीची वारी न चुकवणारे. शेतीची लाईट रात्री दोनला यायची. ते स्वतः जागे राहिले, मोटर चालू करून दिली आणि पाइप आमच्या कुंपणापर्यंत ओढून आणला. आम्ही पहाटेपर्यंत रांग लावून हौद भरला. देवाने प्रार्थना कशी ऐकली, कोणाच्या हातून ऐकली, हे त्या रात्री प्रत्येकाने पाहिलं. सकाळी पाळकसाहेब आभार मानायला गेले, तर बाबा म्हणाले, "पाणी काय माझं हाय व्हय?"

एका मे महिन्यात आम्ही सगळे दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन पाहायला गेलो. 1905 च्या जूनमध्ये तिथे जे उज्जीवन, म्हणजे विश्वासाचं मोठं जागरण, झालं ते आम्ही ऐकून होतो, पण त्याआधी रमाबाईंनी मुलींना कित्येक महिने रोजच्या प्रार्थनेला बसवलं होतं, हे तिथे गेल्यावर नीट कळलं. माझ्या मनात त्याहून घर करून राहिलं ते त्यांचं शेवटचं वर्ष. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचा मराठी अनुवाद हाती घेतला होता आणि छपाईचं काम तिथल्याच बाया करत होत्या. 1921 मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. रमाबाईंनी काम खाली ठेवलं नाही. अनुवाद पुरा केला आणि 5 एप्रिल 1922 रोजी प्रभूमध्ये निजल्या. त्या दिवशीच्या माझ्या वहीचं उजवं पान ताईंनी वाचलं आणि नुसती मान हलवली.

शिबिर अजून भरतं. आता प्रोजेक्टर आहे, मोठे स्पीकर आहेत, मुलं गिटार सुरेख वाजवतात आणि मला ते मनापासून आवडतं. फक्त कार्यक्रमांची दाटी झाली की पहिली कात्री पहाटेच्या तासाला लागते. तो एक तास कोणी कमी करू नये. दुपारची एखादी सभा गाळली तरी चालेल. यंदाच्या बैठकीत मी तरुण संघाच्या मुलांना हे सांगितलं, आणि सकाळची एक सभा पुन्हा स्वयंपाकाच्या शेडखाली घ्या, असंही. त्यांनी दोन्ही मान्य केलं. पत्रा लवकर तापतो म्हणून शेडखालची सभा साडेसातच्या आत आटोपायची, आणि भाकरी शेकायला कोणती चार मुलं बसणार त्यांची नावं आधीच लिहून ठेवायची, असं ठरलं आहे.