दोनशे किलोमीटर, साडेतेरा तास

२०२२ चे गणपती गेले आणि पुढच्याच रविवारी मी बारा वर्षांनी सायकलवर बसले. वय ४३, नोकरी बँकेत, दिवसभर खुर्ची. कोथरूडहून खडकवासला धरण आणि परत, साधारण ३० किलोमीटर. घरी पोचल्यावर कठड्याला धरून जिना चढले, पण पुढच्या रविवारी पुन्हा गेले.

पहिला महिना गुडघेदुखीतच गेला. वाटीच्या पुढच्या बाजूला कळ यायची, विशेषतः जिना उतरताना. वयाचं दुखणं म्हणून मी मलम चोळत बसले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकलचं दुकान आहे. तिथल्या काकांनी एकदा मला जाताना पाहिलं आणि हाक मारली. "ताई, सीट खाली आहे तुमची. उकिडवं बसल्यासारखं पायडल मारताय." त्यांनी हँडल धरून मला सायकलवर बसवलं आणि टाच पायडलवर ठेवायला सांगितली. पायडल अगदी खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. माझा गुडघा चांगलाच वाकलेला होता. सीट दोन बोटं वर गेली. आणि "जड गिअरवर जोर नका लावू, हलक्यावर पाय फिरू दे," असंही त्यांनी बजावलं. मिनिटाला ८० च्या आसपास फेरे, ही सवय लागायला मला तीन आठवडे लागले. दुखणं त्याच्या आधीच थांबलं होतं.

तेव्हापासून आठवड्यात दोन दिवस पहाटे २५ किलोमीटर आणि रविवारी लांबची फेरी, असा क्रम बसला. रविवारचे ४० चे ५० झाले, मग ६५. पानशेतला जाऊन आले. दर चौथ्या आठवड्याला अंतर मुद्दाम कमी ठेवायचे. हे कमी करणं मला सगळ्यात जड गेलं, कारण अंगात जोर असताना घरी बसवत नाही. पण त्या आठवड्यानंतरच पाय हलके लागायचे, हे दोनदा अनुभवल्यावर मी वाद घालणं सोडलं.

नोव्हेंबरात पहिल्यांदा शंभरावर निघाले, सुरूर फाट्यापर्यंत जाऊन परत यायचं ठरवून. सकाळी चहा-बिस्किटं, शिरवळला एक केळं. खंबाटकी घाट चढले आणि त्या आनंदात खायचं राहून गेलं. भूक लागली नव्हती ना! परतीला शिरवळच्या अलीकडे अंगातला जीवच गेला. हात थरथरायला लागले, समोरचा पांढरा पट्टा दोन-दोन दिसायला लागला. रस्त्याकडेला बाभळीखाली बसून राहिले आणि उगाचच रडू आलं. एका उसाच्या रसवाल्याने दोन ग्लास रस दिला, बाकावर आडवं व्हायला सांगितलं. पंधरा-वीस मिनिटांत माणसात आले. तरी त्या दिवशी उरलेलं अंतर टेम्पोतूनच पार केलं.

मला या सगळ्यातून काही कळलं असेल तर ते त्या बाकावर. पायांत ताकद होती, पोटात काही नव्हतं. भूक लागेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. तेव्हापासून घड्याळ लावून खाते: दर पाऊण तासाला राजगिऱ्याची वडी, खजूर किंवा अर्धं केळं. दर वीस मिनिटांनी दोन घोट पाणी आणि एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू. मिसळ मला जीव की प्राण, पण ती राईड संपल्यावर.

दुसरी तयारी बाल्कनीत केली. महामार्गाच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरांच्या तारा पडलेल्या असतात, केसाएवढ्या बारीक. ट्यूब बदलून भागत नाही. टायरच्या आतून बोटं हळूहळू फिरवत ती तार शोधावी लागते, नाहीतर नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते. मी मागचं चाक पाच वेळा काढलं, पाच वेळा बसवलं. पहिल्यांदा ४० मिनिटं लागली, पाचव्यांदा १४.

जानेवारी २०२३ मध्ये २०० किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर कापायच्या सायकल-फेरीला, नाव दिलं. ही शर्यत नसते, नंबर काढत नाहीत. साडेतेरा तासांत अंतर पुरं करायचं आणि वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा. घरची गाडी मागे ठेवता येत नाही, मदत घ्यायची तर फक्त त्या थांब्यांवर. हेल्मेट, दिवे, अंगावर चमकणारं जॅकेट. सुटायच्या वेळी माझ्या शेजारी उभे असलेले एक गृहस्थ त्याच ऑगस्टच्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसची, फ्रान्समधल्या अशाच लांब फेरीची, तयारी करत होते. १२०० किलोमीटर, ९० तास. त्यासाठी २००, ३००, ४०० आणि ६०० त्याच वर्षी पुऱ्या कराव्या लागतात. मी माझ्या दोनशेचा हिशोब हँडलवर चिकटवला होता: ताशी २० ने चालवलं तर दहा तास, म्हणजे खाणं, शिक्के, पंक्चर, लघवी या सगळ्याला मिळून साडेतीन.

सकाळी सहाला सुटलो. कात्रजच्या बोगद्यापर्यंत बोटं गारठलेली. खेड-शिवापूरला सगळे चहाला थांबले, मी नाही थांबले. खंबाटकी अगदी हलक्या गिअरवर चढले, दोघीतिघी पुढे गेल्या तरी श्वास बिघडू दिला नाही. सातारच्या अलीकडे अर्ध्यावरचा शिक्का होता, तो १२:४० ला बंद होणार होता. मी ११:३५ ला पोचले. दहीभात खाल्ला, बाटल्या भरल्या, पंचवीस मिनिटांत निघाले.

परतीला वारा तोंडावर. परतीच्या बाजूला घाटाऐवजी बोगदा आहे, पण त्या दिवशी सपाट रस्ताच घाट झाला होता. ताशी १४, कधी १३. सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या जवळ मागचं चाक बसलं. सावली बघून उभी राहिले, टायर उतरवलं, आतून बोट फिरवलं. वॉल्व्हपासून वीतभर अंतरावर टोचलं. नखांनी तार उपटली आणि तळहातावर ठेवून पाहिली, पापणीच्या केसाएवढी होती. १६ मिनिटं गेली. बाल्कनीपेक्षा दोन जास्त, पण हात एकदाही थरथरले नाहीत. घड्याळ वाजलं तेव्हा पंप मारता मारताच खजूर तोंडात टाकला.

शेवटचा शिक्का ६:५० ला बसला. चाळीस मिनिटं हाताशी होती. लेक आणि हे दोघं थर्मास घेऊन उभे होते. लेकीने आधी कार्ड मागितलं. सातारचा शिक्का पुसट उठला होता, तो तिने मोबाईलच्या उजेडात धरून वाचला.

तीनशेला वीस तास मिळतात, म्हणजे माझ्या वेगाने काही तास तरी रात्रीचे. सोमवारी बँकेतून येताना काकांच्या दुकानात थांबले आणि पुढचा दिवा एका चार्जवर किती तास टिकतो ते विचारलं.