मराठी ब्लॉगची थीम: शिरोरेघ तुटू न देता डागडुजी

बहुतेक तयार थीम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बांधलेल्या असतात. आपल्या अक्षरांच्या डोक्यावर रफार, वेलांटी, अनुस्वार असतो आणि पायाशी उकार. म्हणून रंगांच्या मागे लागण्याआधी अक्षरांना जागा करून द्यावी.

पहिलं काम लाइन-हाइटचं, म्हणजे अक्षराच्या आकाराच्या पटीत मोजलेल्या ओळीच्या उंचीचं. थीममध्ये ती साधारण १.५ असते, मराठी मजकुराला १.७ ते १.८ आणि मथळ्यांना निदान १.४ हवी. आकडा एककाशिवाय लिहा. २४ पिक्सेल असं ठोकून ठेवलं, तर पुढे अक्षर १६ वरून २० पिक्सेलवर नेलं तरी ओळ २४ वरच अडून राहते. मग ‘मूर्तींचे’ मधला रफार वरच्या ओळीतल्या ‘कृ’च्या पायात घुसतो. कार्डांवरच्या मथळ्याला ओव्हरफ्लो हिडन (चौकटीबाहेर जाणारा भाग लपवणारा नियम) लावलेलं असेल तर रफार आणि अनुस्वार चक्क छाटले जातात. तिथे वर ०.१५ एम (एक एम म्हणजे अक्षराच्या आकाराएवढं माप) पॅडिंग, म्हणजे आतली मोकळी जागा, द्या.

नंतर स्टाइलशीटमध्ये (दिसण्याचे नियम असलेल्या फाइलमध्ये) लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, शोधा. मथळे, मेनू, तारीख, बटणं अशा ठिकाणी ते हमखास सापडतं. ०.०५ एम एवढ्यानंही शिरोरेघेत फटी पडतात, आणि उणे किंमत दिली की शेजारच्या मात्रा एकमेकींवर चढतात. सगळीकडे नॉर्मल करा, यात तडजोड नको. इटॅलिकही काढा. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टांत खरं इटॅलिक नसतं, ब्राउझर सरळ अक्षरच तिरकं करतो. अवतरणाला डावीकडे उभी रेघ दिली तरी ते उठून दिसतं. परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करणारा नियम असेल तर तोही बंद करा. ‘स्त्री’सारख्या जोडाक्षराचे तो तुकडे करू शकतो.

भाषेची खूण मात्र अनेकांकडून राहून जाते. २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ठरवले. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टात हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणं असतात, पण पानाच्या लँग ॲट्रिब्यूटमध्ये, म्हणजे भाषा सांगणाऱ्या खुणेत, ‘एमआर’ (mr, मराठीचा कोड) असेल तरच मराठी वळण उमटतं. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जमधली साइटची भाषा मराठी करा. तरीही ‘ल’ हिंदी वळणाचाच दिसला, तर थीमच्या हेडर फाइलमध्ये इंग्रजी थेट लिहून ठेवली आहे का ते बघा. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट घेतला तर हा प्रश्नच येत नाही, कारण तो मराठी वळणाचाच आहे.

हे सगळं मूळ थीममध्ये कधीही लिहू नका; पुढच्या अपडेटला पुसलं जाईल. वर्डप्रेसला चाइल्ड थीम (मूळ थीमवर आधारलेली, आपले बदल वेगळे ठेवणारी थीम) करा, ब्लॉगरवर थीमचा बॅकअप उतरवून मगच हे नियम (सीएसएस) जोडा.

एक खाजगी पान कायम ठेवा आणि त्यात ‘ऱ्हास, सुऱ्या, ॲप, राष्ट्र, कर्तृत्व, मूर्तींचे, शाळा, लाल’ हे शब्द मथळ्यात, मजकुरात, अवतरणात आणि बटणावर टाका. प्रत्येक बदलानंतर ते पान ३६० पिक्सेल रुंदीवर तपासा. ‘ॲ’च्या जागी चौकट दिसली तर त्या फॉन्टात ते अक्षर नाही, फॉन्ट बदला. बदल दिसतच नसेल, तर आधी स्टाइलशीटचा आवृत्ती क्रमांक वाढवा. बहुतेक वेळा जुनी फाइल कॅशमध्ये (साठवून ठेवलेल्या प्रतींत) अडकलेली असते.