कढीपत्त्याची पिल्लं आणि मी

आमचं घर मुलुंडला तळमजल्यावर, मागे जेमतेम दहा बाय बारा फुटांची जागा, आणि तिथे सासूबाईंनी लावलेला कढीपत्ता आता पहिल्या मजल्याच्या ग्रिलला टेकलाय. झाड गुणी आहे, तक्रार नाही. पण त्याची पिल्लं, म्हणजे त्याच्याच मुळांतून फुटून वर येणारी रोपं! नळाजवळ, तुळशीच्या कुंडीमागे, फरशीच्या सांध्यात, जिथे बघावं तिथे काहीतरी पोपटी वर आलेलंच.

तीन वर्षं मी सिकेटर (फांद्या छाटायची कात्री) घेऊन ती जमिनीलगत कापत बसले आणि महिन्याभरात एकाच्या जागी तीन. कळलं फार उशिरा, की मातीखाली खुंट राहतो आणि त्याच्या डोळ्यांतून परत फुटतं, म्हणजे मीच वाढवत होते! त्यात गेल्या वर्षी पाइपसाठी सोसायटीने मागे चर खणला, मुळं तुटली, आणि पावसात बरोब्बर त्या चराच्या कडेने ओळीने पिल्लं. मूळ दुखावलं की तिथून फुटतंच, त्यामुळे आता झाडाभोवती खोल खणणं बंद.

आता काय करते, तर माती ओली असताना खुरपीने हलकेच बाजूला सारते, खाली पेन्सिलएवढं आडवं मूळ दिसतं, पिल्लू जिथून निघालंय तिथेच बुडाशी धरून बाजूला ओढायचं, टच्कन सुटतं आणि बुडाला पांढरट सालीचा तुकडा येतो. तो आला म्हणजे काम झालं. वीतभर असतानाच काढायचं, नंतर ऐकत नाही. हाताला दिवसभर फोडणीचा वास येतो तो वेगळा.

ओढल्यावर सरळ सोटमूळ आलं तर ते पिल्लू नाहीच, बुलबुलांची कृपा, काळी फळं खाऊन बिया टाकतात. ते बिनधास्त उपटा.

शेजारचे काका म्हणाले, ‘तणनाशक मार की.’ अहो पण पिल्लू आणि झाड एकाच मुळावर, औषध थेट मोठ्या झाडात जायचं!

(कलमी झाडाची गोष्ट आणखी वेगळी. चिकूचं कलम खिरणी या दुसऱ्या झाडाच्या खुंटावर बांधलेलं असेल तर सांध्याखालचा फुटवा खिरणीचा असतो, तो दिसला की लगेच काढायचा.)

मुळासकट निघालेली दोन पिल्लं सासूबाईंनी दुधाच्या पिशव्यांत लावली, एक दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना दिलं. त्या कुंडीत लावणारेत म्हणून मी गप्प बसले.