ब्रेकचं पेडल मऊ लागतंय? एअर काढण्याआधी हे तपासा

जुन्या मारुती ८०० चं पेडल खोल जायला लागलं की बहुतेक जण थेट एअर काढायला (ब्रेक ऑइलमध्ये शिरलेली हवा बाहेर सोडायला) बसतात. आधी इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, म्हणजे बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) असेल तर त्यातला व्हॅक्यूम संपेल. मग पाय दाबून अर्धा मिनिट तसाच धरा.

पेडल हळूहळू खाली सरकलं, तर पेडलच्या दाबाने ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचे वायसर (रबरी सील) आतल्या आत ऑइल सोडतायत, किंवा बाहेर कुठेतरी गळती आहे. मागच्या ड्रममधल्या व्हील सिलिंडरचं (चाकापाशी ब्रेक दाबणारा छोटा सिलिंडर) रबरी बूट उचलून बघा, आत ओल दिसली तर गळती तिथेच. बाहेर सगळं कोरडं, तरी ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी उतरतेय? मास्टर काढा, ऑइल मागून बूस्टरमध्ये जात असेल. अशी गाडी चालवू नका.

पहिल्या दाबाला खोल, दुसऱ्याला वर आणि घट्ट? तिथे बऱ्याचदा हवा नसतेच. मागचे लायनर (ड्रमवर घासणारे ब्रेकचे पट्टे) ड्रमपासून लांब गेलेले असतात, हे अंतर राखणारा ॲडजस्टर गंजून अडकलेला असतो. हँडब्रेक दोन-तीन दात ओढून पेडल दाबा; ते वर आलं तर ड्रम उघडा.

स्पंजसारखं दबलं, तरच हवेचा संशय. पण पुढचे रबरी होजही (ऑइलच्या नळ्या) हाताने धरून बघा, दाबताना फुगत असतील तर बदला.

एअर काढताना पेडल तळापर्यंत नेऊ नका, खाली लाकडी ठोकळा ठेवा. मास्टर सिलिंडरच्या आतल्या, एरवी न वापरल्या जाणाऱ्या गंजलेल्या भागावर वायसर घासून चांगला मास्टरही खराब होतो.